पहिला रोल कोरा

हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात धाकटीला सगळे पाठीमागे 'घुबड' म्हणत, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. "म्हणू देत की," ती म्हणायची, "घुबडाला अंधारात दिसतं तरी. ह्यांना भर उजेडात फाइल सापडत नाही." सत्तावीस वर्षं तिने त्या खात्याच्या डार्करूममध्ये काढली. तळघरातली खोली, जाड दार, लाल दिवा, तीन टाक्या आणि एक गळका नळ. लोकांच्या फासळ्या, मांड्या, कवट्या तिच्या हातून धुऊन निघायच्या आणि तारेवर वाळायच्या. वरच्या मजल्यावर डॉक्टर मंडळी फिल्म खिडकीशी धरून हं हं करायची, पण त्यांच्याही आधी ती हाडं हिने पाहिलेली असायची. कुणाचं काय मोडलंय ते तिला पहिल्यांदा कळायचं, आणि ते कुणाजवळ बोलायचं नाही हेही कळायचं.

मग कॉम्प्युटर आला. फिल्म नको, पाणी नको, अंधार नको. फोटो म्हणे थेट पडद्यावर. धाकटीला खाली तळघरातून उचलून वर नोंदणीच्या खिडकीत बसवलं. दिवसभर काय, तर "वय किती, कुठे दुखतंय, कधीपासून." दुखतंय ते बघायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात तिने तीनदा राजीनामा लिहिला आणि तीनदा फाडला. घरी मोठ्या बहिणीपुढे धुसफुस करायची, तर मोठी म्हणायची, "अगं, उजेडात बसायचा पगार देतायत, घे गुपचूप."

ही मोठी म्हणजे ताई. दोघींचं घर एकच, लग्नाच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत. ताई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, कापडाचे गठ्ठे भिंतीशी, आणि ताईचं तोंड सतत चालू. गिऱ्हाईक बाई आली आणि गेली, की तिची हुबेहूब नक्कल. कोण पोट आत ओढून माप देते, कोण मागच्याच मापावर अडून बसते, सगळं साभिनय. धाकटी हसून हसून बेजार व्हायची. पण फोटो म्हटलं की ताई पसार. ओळखपत्रावरचे दोन सोडले तर तिचा फोटोच नव्हता घरात. "फोटोत मी पोलिसांना हवी असलेली बाई दिसते," ती म्हणायची, आणि ओळखपत्र बघितलं तर त्यात काही खोटं नव्हतं.

तर नव्या खिडकीसाठी धाकटीला नवं ओळखपत्र हवं, त्याला फोटो हवा, म्हणून ती बाजारातल्या फोटोवाल्या मास्तरांच्या स्टुडिओचा जिना चढली. दारातच थबकली, नाक वर केलं आणि म्हणाली, "तुमचा हायपो मेलाय. आजच बदला."

पडद्यामागून मास्तर ओल्या हातांनी बाहेर आले. सडपातळ म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. फोटो पक्का करायचं ते औषध नुसत्या वासावरून ओळखणारं गिऱ्हाईक त्यांना चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, आणि दोघांनी तासभर औषधांच्या गप्पा मारल्या. मास्तरांचाही धंदा बसतच चालला होता. लोक कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दोन मिनिटांत फोटो घेत होते, तेही गोरे करून. अंधारातून बाहेर काढलेली दोन माणसं ती. त्यांचं न जमतं तरच नवल.

दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी काचेच्या कपाटातून एक जुना कॅमेरा काढून तिच्या हातात ठेवला. जड, कोपऱ्यांवर काळा रंग उडून पितळ उघडं पडलेलं. "घ्या. ह्याला बॅटरी लागत नाही, हा कधी रुसत नाही. माझ्या गुरूंच्या हातचा आहे." धाकटीला भरून आलं. उभा जन्म फिल्म धुण्यात गेला, पण एक फोटो म्हणून तिने कधी काढला नव्हता. दुसऱ्यांनी पाडलेला उजेड तेवढा धुतला होता.

मास्तर शिकवायचे चांगलं, पण त्यांची एक खोड होती. सरळ काही सांगायचे नाहीत. "सांगितलेलं डोक्यात राहतं, चुकलेलं हातात राहतं," हा त्यांचा लाडका मंत्र. तीन महिने त्यांनी तिला रिकाम्या कॅमेऱ्यावर झुलवलं. रोल घालायचा नाही, नुसता हात बसवायचा. ह्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध एक वर्तुळ दिसायचं, आणि समोरच्या माणसाचं नाक त्यात अर्धं इकडे, अर्धं तिकडे. भिंगाभोवतीचं कडं फिरवत दोन तुकडे जुळवले की चेहरा स्पष्ट. धाकटी घरभर तुकडे जुळवत फिरायची. दाराची कडी जुळवली, केरसुणी जुळवली. ताई म्हणायची, "जुळव बाई, तेवढंच जुळायचं राहिलं होतं तुझं आयुष्यात."

आणि मग ताईचा खालचा जबडा दुखायला लागला.

दाताचं असेल, दाताचं असेल म्हणत दोन महिने गेले. शेवटी धाकटीने तिला हाताला धरून स्वतःच्याच हॉस्पिटलात नेलं. पडद्यावर चित्र उमटलं आणि कुणी काही बोलायच्या आत तिने ते वाचलं. जबड्याच्या हाडात एका जागी हाडच नव्हतं. सत्तावीस वर्षांत असे डाग तिने शेकड्यांनी धुतले होते. हा बघताना मात्र तिने भिंत धरली.

सर्जन भला माणूस होता. त्याने दोघींना बसवून नीट समजावलं. अर्धा खालचा जबडा जाणार, त्याबरोबर गालाचा भाग जाणार, पायाचं हाड घेऊन तिथे बसवणार. जीव वाचेल. "पण चेहरा हा राहणार नाही," तो म्हणाला, "हे आत्ताच सांगतो, मागाहून मला बोल लावू नका." तारीख मिळाली पुढच्या सोमवारची.

ताई दोन दिवस मशीनवर बसून राहिली, पाय न हलवता. तिसऱ्या दिवशी एकदम म्हणाली, "ए, तुझं ते खटखट यंत्र चालतं का खरंच?"

"चालतं की."

"मग काढ मला. एकदाच. आहे तो चेहरा एकदा नीट निघू दे कागदावर. पण तूच काढायचं. त्या मास्तरच्या दिव्यांखाली ओठ मिटून मी बसणार नाही. आणि हसतानाचा काढ. रडका फोटो नकोय मला पुढे बघायला."

तेव्हा फोन नुसते बोलायच्या कामाचे होते हो. आजच्यासारखं नव्हतं, की उचलला आणि काढले पन्नास. ताईचा चेहरा टिपायचा म्हणजे रोल हवा, आणि धाकटीने तर जन्मात रोल भरला नव्हता. ती धावत मास्तरांकडे गेली आणि काही हातचं राखून न ठेवता सगळं सांगितलं. जबडा, गाल, सोमवार, सगळं. म्हणाली, "मास्तर, पहिलाच रोल आहे माझा आणि दुसरी संधी नाही. तुम्ही या. कॅमेरा आणू नका, तिला आवडायचं नाही. नुसते बसा. माझं काही चुकतंय असं दिसलं तर तिथल्या तिथे सांगा."

"बसतो की," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी मास्तर आले. ताईने त्यांना दाराशी खुर्ची दिली, चहा दिला. धाकटीने शिवणाच्या टेबलावर कॅमेरा उघडला, रोलची जीभ बाहेर ओढली, उजवीकडच्या गुंडाळीच्या फटीत सारली, झाकण लावलं. मास्तर मान पुढे काढून बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. बरोबर ना?"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "काढा."

आणि ताई! ती अशी काही खुलली की विचारू नका. बटण दाबायचा आवाज आला की तिला चेव चढायचा. पोट आत ओढणाऱ्या बाईची नक्कल झाली, मागच्या मापावर अडणारीची झाली, मग सर्जनची झाली, "आत्ताच सांगतो, बोल लावू नका," अगदी त्याच्यासारखी भुवई उचलून. मास्तरांना ठसका लागला. ताई त्यांच्याकडे बघून आणखी हसली. जबडा दुखत होता, मधेच हात गालाला जायचा, की परत सुरू. धाकटी गुडघ्यांवर बसून, खुर्चीवर चढून, दाराच्या आडून फोटो काढत होती. रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढायची, नाकाचे तुकडे जुळवायची, उजेड बघायची, दाबायची. मधेच घाम पुसून विचारायची, "मास्तर, बरोबर चाललंय ना?"

"छान चाललंय."

छत्तीस झाले. छत्तिसाव्याला लिव्हर अडते, असं तिने ऐकलं होतं. ही अडली नाही. सदतीस झाला. अडतीस झाला.

"मास्तर, थांबत नाहीये हो हा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मिळतात कधीकधी दोन जास्तीचे. घ्या."

"बघ, वर दोन फुकट!" ताई म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी गाल धरले आणि म्हणाली, "बास गं आता. दुखतंय फार."

सोमवारी सकाळी ताईला आत नेलं. सात-आठ तास लागतील म्हणाले. वॉर्डातल्या सिस्टर ओळखीच्या होत्या. त्यांनी धाकटीला बाकावर नखं खाताना पाहिलं आणि म्हणाल्या, "जा बाई, हिंडून या जरा. काही लागलं तर मी बोलावते." धाकटी कुठे जाणार? पाय आपोआप तळघराकडे वळले. डार्करूममध्ये आता मोडक्या खाटा रचल्या होत्या, पण नळ होता, टेबल होतं आणि दार अजून घट्ट बसत होतं. रोल तिच्या पर्समध्ये होता. मास्तरांनी दिलेला छोटा डबा आणि औषधांच्या बाटल्या तिने आदल्या दिवशीच पिशवीत भरल्या होत्या. तिच्या मनात होतं, की ताई शुद्धीवर येईल तेव्हा हातात फोटो तयार हवेत.

काळोखात तिचे हात नेहमीसारखे शहाण्यासारखे वागले. फिल्म चक्रीवर चढवली, डबा बंद केला, औषध ओतलं, हलवलं, मनात आकडे मोजले, ओतून दिलं, दुसरं औषध, मग पाणी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. डबा उघडून तिने फिल्मचं टोक धरलं आणि दिव्यासमोर उलगडलं.

फिल्म स्वच्छ होती. आरपार. एक फोटो नाही, अर्धा नाही, सावली म्हणून नाही. फक्त कडेने कंपनीने छापलेले आकडे, एक, दोन, तीन, चार, ओळीने, ठळक काळे, सुबक.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, औषध बिघडलं, पाणी गरम झालं, धुताना चुकलं. ह्या बाईला तेवढंही समाधान मिळालं नाही. कडेचे आकडे काळे आलेत म्हणजे औषध बरोबर, वेळ बरोबर, हात बरोबर. फिल्मवर उजेडच पडलेला नाही. रोल जागचा हललाच नव्हता. जीभ फटीतून निसटली होती, आणि ती अडतीस वेळा रिकामी लिव्हर ओढत बसली होती. तिच्या डोक्यावर दोन मजले वर ताईचा जबडा काढणं चालू होतं, आणि ती मोडक्या खाटांमध्ये उभी राहून अडतीस नसलेले फोटो बघत होती. तिने ती फिल्म तरीही नीट चिमट्याला लावून वाळत घातली. सवय हो, दुसरं काय. मग खाटेच्या लोखंडी कडेवर बसून तोंडात पदर कोंबून रडली.

सहाव्या दिवशी ताई जरा बसायला लागली. नाकात नळी, गळ्यात नळी, चेहऱ्याची एक बाजू सुजलेली आणि टाक्यांनी शिवलेली. बोलायची सोय नव्हती. उशाशी पाटी-पेन्सिल दिली होती. तिने पहिला शब्द पाण्याचा लिहिला, दुसरा लिहिला, "फोटो?"

धाकटीने सहा दिवस खोटं जुळवून ठेवलं होतं. धुवायला दिलेत, वाळतायत, मोठे करून आणते. पाटी बघितली आणि एकही खोटं तोंडातून निघेना. म्हणाली, "एकही आला नाही, ताई. मीच रोल नीट भरला नव्हता. मला मार, काय वाटेल ते कर."

ताईने पाटी मांडीवर घेतली. मग पुसून तिने लिहिलं, "मास्तर होते ना बसलेले?"

"होते. त्यांच्या लक्षात आलं नसेल गं."

ताईने एक भुवई उचलली. तेवढी तिची अजून चालत होती.

त्या भुवईने धाकटीचं डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओचा जिना चढली ती मास्तरांना जाब विचारायला नव्हे, त्यांच्यासमोर रडायला. कोरी फिल्म गुंडाळून पर्समध्ये नेली होती. तिने ती काउंटरवर ठेवली, आणि मास्तरांनी काय करावं? हसले! फिल्म उलगडलीसुद्धा नाही. खणातून रंगीत कागदात बांधलेली एक पुडी काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

"घ्या. आता तुम्ही आमच्यातल्या झालात."

आत नवा कोरा रोल होता. धाकटी खुळ्यासारखी बघत राहिली. "हा तुम्ही कधी बांधलात?"

"रविवारीच. तुमच्याकडून आलो आणि बांधून ठेवला." आणि मास्तर रंगात येऊन सांगू लागले. त्यांच्या गुरूंच्या स्टुडिओची ही रीतच होती. रोल पकडला की नाही ते कळायची खूण सोपी. लिव्हर ओढली की डावीकडची, रोल परत गुंडाळायची गुंडी आपोआप फिरली पाहिजे. नाही फिरली, तर रोल जागेवरच. पण ही खूण शिष्याला सांगायची नाही. पहिला रोल सगळ्यांचाच कोरा जाऊ द्यायचा. मग गुरूने आपल्या हाताने नवा रोल द्यायचा. "एकदा कोरा गेला की माणूस मरेपर्यंत त्या गुंडीकडे बघितल्याशिवाय राहत नाही. मी नाही राहिलो. तुम्हीही नाही राहणार."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही तिचा, उलट खाली गेला. "म्हणजे गुंडी फिरत नव्हती ते तुम्हाला दिसत होतं."

"पहिल्या फोटोपासून."

"मी विचारलं, बरोबर ना. तुम्ही म्हणालात, छान चाललंय."

मास्तरांचं हसू आता कुठे उतरायला लागलं. "बाई, रीत..."

"अडतिसावा झाला तेव्हा म्हणालात, जास्तीचे मिळतात, घ्या. ही पण रीत?"

मास्तरांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, परत चढवला. "खरं सांगू? विसाव्याच्या सुमाराला तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तुमची ताई अशी रंगली होती. थांबवून सांगायचं म्हणजे सगळा बेरंग. आणि मग तुम्ही विचारणार, आधी का नाही बोललात. म्हटलं, आता उशीर झाला."

"उशीर? दुसरा रोल भरायला पाच मिनिटं लागली असती, मास्तर. माझ्या पर्समध्ये होता दुसरा. ती दुपारपर्यंत हसायला तयार होती." तिने कोरी फिल्म त्यांच्यापुढे सरकवली. "तुमच्या पहिल्या रोलवर काय होतं?"

"माझ्या?" मास्तर गडबडले. "कबुतरं. समोरच्या गच्चीवरची."

"मग? दुसऱ्या दिवशी परत आली असतील ना ती गच्चीवर?"

मास्तरांनी ती फिल्म हातात घेतली.

"माझ्या रोलवर ताईचा चेहरा होता. तो आला का परत? मी तुम्हाला सगळं सांगून बोलावलं होतं. बसा म्हटलं होतं ते कशाला? चहा प्यायला? माझा तुमच्यावर देवासारखा भरवसा होता आणि तुम्ही मूग गिळून बसलात. केसाने गळा कापलात माझा!" पुडी तिने तिथेच ठेवली. कॅमेरा मात्र परत दिला नाही. मास्तर मागून म्हणाले, "बाई, ऐकून तरी घ्या," तोवर ती जिन्याच्या तळाशी पोचली होती.

ताईला तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईने पाटी ओढून घेतली आणि जोर देऊन लिहिलं, "मेल्याला चहा पाजला मी." मग थोडं थांबून खाली लिहिलं, "दोनदा." तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते त्या सुजलेल्या चेहऱ्यावरून कळेना, आणि धाकटीचा धीर होईना विचारायचा.

ह्याला आता वीस वर्षं झाली. ताई आहे. मशीन चालवते, एका बाजूने बोलते, आणि ऐकायची सवय असलेल्यांना सगळं कळतं. नकला करायची सोडली तिने, ओठ साथ देत नाहीत म्हणते. धाकटी निवृत्त झाली आणि फोटो काढते, त्याच कॅमेऱ्यावर, आणि चांगले काढते. एकही रोल पुन्हा कोरा गेला नाही. रोल भरला की तिचा डोळा आपोआप त्या डावीकडच्या गुंडीवर जातो, आणि गुंडी फिरताना दिसली की दर वेळी तिच्या डोक्यात तिडीक उठते, कारण मास्तर म्हणाले होते अगदी तसंच झालंय.

पण एवढंच असतं तर तिने गिळलं असतं. मागच्या महिन्यात एक दिवस ताई दोरा ओवता ओवता सहज म्हणाली, "त्या रविवारी मी कशी दिसत होते गं? तू तर सकाळभर माझ्याकडेच बघत होतीस."

धाकटीने सांगायला तोंड उघडलं आणि काही सापडेना. तिला आठवत होतं ते नाकाचे दोन तुकडे जुळत असलेलं वर्तुळ. कानावरचा उजेड. बोटाखालचं गार लोखंड, आणि आकडे, एकवीस, बावीस, तेवीस. ताई हसताना डोळे मिटायची का? मान मागे टाकली होती का तिने, सर्जनची नक्कल करताना? तिला आठवेना. इतका वेळ ती ताईच्या समोर होती आणि इतका वेळ ती ताईला बघतच नव्हती, कारण फोटोत बघायचीच होती पुढे जन्मभर.

"छान दिसत होतीस," ती म्हणाली.

ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोरा ओवला.

त्या सकाळी ताईला डोळे भरून पाहिलं ते एकाच माणसाने. दाराशी खुर्ची टाकून, हातात चहाचा कप धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मास्तर अजून आहेत. स्टुडिओ बंद झाला, पण दुपारचे वरच्या खिडकीत बसलेले असतात. म्हातारे झालेत फार, कुणी आलं तर बोलायला आसुसलेले असतात असं लोक सांगतात. विचारलं तर सांगतीलही, अगदी बारीकसारीक, फोटोग्राफरचा डोळा तो. धाकटी बाजारात त्याच रस्त्याने जाते. त्या जिन्यापाशी आली की तिची पावलं जड होतात, आणि ती पिशवी ह्या हातातून त्या हातात घेते आणि पुढे जाते.